पोलादाचे कान टोचताना

भोक पाडण्याच्या कलेला आपल्याकडे म्हणावी तशी प्रतिष्ठा नाही. शिवणाऱ्याचे कौतुक होते, विणणारीचे होते, रंगवणाऱ्याचे तर होतेच होते. पण भोके पाडणारा म्हटला की आपल्याला उंदीर आठवतो! वास्तविक भाषेने या कलेच्या बाबतीत हात मुळीच आखडता घेतलेला नाही. सुताराचा सामता निराळा आणि गिरमिट निराळे. चांभाराची आरी, पोती शिवणाऱ्याचा दाभण, आणि कानाला किंवा मोत्याला पडते ते तर साधे भोक नव्हेच, ते वेज. 'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण आपण उपदेशाच्या संदर्भात वापरतो, पण मुळात ती हत्यार आणि हात यांच्या निवडीविषयीची म्हण आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. गिरमिट तर आपण एकमेकांच्या डोक्यालाही लावतो. (हे गिरमिट इंग्रजी 'गिम्लेट'चे. फिजीला आणि नाताळला गेलेल्या मजुरांचे 'गिरमिट' ते 'ॲग्रीमेंट'चे. दोन्हींचे गोत्र वेगळे. पोखरण्याचा गुण मात्र एकच!)

आता तुम्ही म्हणाल, मराठीच्या प्राध्यापकाला ही लोखंडी उठाठेव सांगितली कोणी? कोणी नाही. कारागिरांच्या तोंडचे शब्द वहीत टिपून घेण्याचा मला नाद आहे, आणि या नादापायी मी गेली काही वर्षे सुट्टीत हातखंब्याला एका लोहाराच्या शाळेत जाऊन बसतो. शाळा म्हणजे लोहारशाळा. माझ्या शाळेपेक्षा तिथे आवाज जास्त आणि कामही जास्त.

हातखंबा आपल्यापैकी पुष्कळांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग (जुना क्रमांक १७, आताचा ६६) आणि रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता यांची इथे गाठ पडते. रत्नागिरीचा चाकरमानी इथे वळतो आणि 'आलं घर' म्हणतो. तिठ्यावर ट्रक थांबतात, आणि जिथे ट्रक थांबतात तिथे त्यांचे पाटे तुटतात. हे तुटके पाटे म्हणजे लोहाराची खाण. ट्रकचा भार झेलण्यासाठी बनवलेले चिवट पोलाद भंगाराच्या भावाने मिळते आणि त्यातून कोयती, पाळकोयता, विळीचे पाते असा सारा कोकणी संसार उतरतो.

कोयतीची मूठ बसवण्याची रीत जुनी आहे. पात्याच्या मागे एक निमुळती शेपूट काढायची, ती लाल करून लाकडी मुठीत जाळत जाळत घुसवायची आणि तोंडाला शेंबी ठोकायची. चांगल्या हाताने केले तर वर्षानुवर्षे टिकते. पण लाकूड हे लाकूड. चार महिने पावसात फुगते, चैत्रात आकसते. दोन पावसाळ्यांपूर्वी माडावर चढलेल्या एका गड्याच्या हातातून कोयतीचे पाते मुठीतून निसटले आणि खाली झावळ्या गोळा करणाऱ्या त्याच्या बायकोपासून हातभर अंतरावर मातीत रुतले. तो गडी नुसती मूठ घेऊन लोहारशाळेत आला. भांडला नाही, ओरडला नाही. मूठ ऐरणीवर ठेवली आणि उभा राहिला.

लोहारकाका त्या दिवशी जेवले नाहीत, असे त्यांच्या मुलाने मला सांगितले.

हा मुलगा आय.टी.आय.तून फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून आलेला. त्याचे म्हणणे असे, की शेपूट काढूच नये. पाते मागे मुठीएवढेच रुंद ठेवावे, दोन्ही अंगांनी लाकडाच्या दोन फळ्या लावाव्यात आणि आरपार तीन पितळी खिळे घालून ते झोडावेत. मग लाकूड फुगो की आकसो, पाते सुटायचे नाव नको. शहरातल्या स्वयंपाकघरांसाठी अशा मुठीच्या सुऱ्याही करता येतील, कोयतीपेक्षा त्यांना दाम बरा येईल. काकांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "तीन भोकं पाडून दाखव. मग बोल."

इथे गाडे अडले. मी गेलो तेव्हा मुलाने दोन आठवड्यांत अकरा ड्रिल खलास केली होती. काही मोडली होती, काहींची टोके जळून निळी झाली होती. पाती तीन बिघडली होती. आणि चाकणच्या एका कारखान्यातून त्याला नोकरीचे बोलावणे आले होते. महिनाअखेर होय-नाही कळवायचे होते. काकांच्या घरात ऐरणीवर बसणारा हा चौथा पुरुष, आणि पाचव्याची वाट पाहायची की नाही हे सहा मिलिमीटरच्या भोकावर येऊन ठेपले होते.

मी वही मिटली आणि मुलाचीच आय.टी.आय.ची पुस्तके वाचायला घेतली.

ड्रिल म्हणजे स्क्रूसारखी पीळदार सळई आणि ती लोखंडात 'शिरते', अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. कापण्याचे सारे काम टोकावरच्या दोन धारा करतात, पिळाचे काम फक्त कापलेला कीस वर आणून टाकण्याचे. दोन धारांच्या मधोमध एक बोथट आडवी कड असते, ती कापत नाही, नुसती चिरडते. म्हणून तर मोठे भोक पाडायचे असेल तर आधी लहान भोक पाडतात, म्हणजे त्या आडव्या कडेला काम उरत नाही. आणि म्हणूनच आरंभी पंचने खूण ठोकतात, नाहीतर टोक पत्र्यावर बर्फावरच्या पोरासारखे घसरत जाते. टोकाचा कोन सर्वसाधारण ड्रिलचा ११८ अंशांचा असतो. कठीण पोलादासाठी १३५ अंशांचे, मधली कड चिरून तिच्याही लहानशा धारा केलेले टोक मिळते. ते घसरत नाही. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी पडलेली असतात आणि आपण स्वस्त ते उचलतो.

ज्या गृहिणीने चकल्या पाडल्या आहेत तिला ड्रिलची पारख शिकवावी लागत नाही. काम नीट चालले असेल तर दोन्ही धारांतून सारख्या जाडीच्या दोन कुरळ्या फिती एकदम वर येतात. एकाच बाजूने फीत येत असेल तर एकच धार राबते आहे आणि दुसरी फुकटचे खाते आहे असे समजावे. असे भोक मापापेक्षा मोठेही पडते. फितीऐवजी नुसता भुगा आणि किंचाळणे येत असेल तर थांबावे. ते कापणे नव्हे, घासणे आहे.

हे पीळदार ड्रिल तसे अलीकडचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीफन मोर्स नावाच्या कारागिराने १८६३ साली त्याचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी कारखाना काढला. त्याआधी जगभरचे लोहार भाल्याच्या फाळासारखी चपटी ड्रिले घडवीत. काकांच्या आजोबांची अशी चार ड्रिले अजून एका पत्र्याच्या डब्यात आहेत. माणसाची हौस मात्र फार जुनी. सिंधू संस्कृतीतले कारागीर कार्नेलियनच्या लांबलचक मण्यांना दगडाच्या ड्रिलने वेज पाडीत. एकेका मण्याला दिवसच्या दिवस लागत. ते मणी समुद्र ओलांडून मेसोपोटेमियातल्या उर नगरीच्या राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत पोचले. त्यांचे ते खास कठीण दगड त्यांनी कसे हुडकले असतील देव जाणे. पण योग्य ड्रिल निवडण्याची कटकट साडेचार हजार वर्षांची आहे, हे वाचून मुलाला जरा धीर आला.

मोर्सचे ड्रिल साध्या कार्बन पोलादाचे होते, आणि साधे पोलाद दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की नरमते. म्हणून काम सावकाश करावे लागे. ही मेख अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या कारखान्यात टेलर आणि व्हाइट या जोडीने काढली. (कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा टेलर तो हाच. कामगारांनी त्याला कधी माफ केले नाही, पण पोलादाच्या बाबतीत त्याचे ऋण मानले पाहिजे.) १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी आपले हत्यार चालवून दाखवले. टोक लाल झाले आहे, कीस निळा होऊन उडतो आहे आणि धार मात्र शाबूत! हेच हायस्पीड स्टील. टंगस्टन, क्रोमियम, व्हॅनेडियम यांचे ते मिश्रण, आजकाल बहुधा मॉलिब्डेनमही. सुमारे सहाशे अंशांपर्यंत त्याची कठिणाई टिकते. ड्रिलच्या दांड्यावर 'एच.एस.एस.' अशी अक्षरे असतात ती याची खूण. त्यातच पाच किंवा आठ टक्के कोबाल्ट मिसळले की ते आणखी ताप सोसते, पण आणखी ठिसूळही होते. त्याहून कठीण ते टंगस्टन कार्बाइड. १९२० नंतरच्या दशकात ते जर्मनीत बाजारात आले आणि 'हिऱ्यासारखे' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून 'विडिया' नावाने खपू लागले. आपले गवंडी आणि इलेक्ट्रिशियन भिंतीच्या ड्रिलला अजून 'विडिया' म्हणतात ते त्यामुळे. एक जर्मन समास कोकणातल्या जांभ्या दगडापर्यंत येऊन पोचला, याचे मला त्या ड्रिलपेक्षा अधिक कौतुक वाटते.

मुलाच्या अकरा हुतात्म्यांकडे आता या नजरेने पाहिले. सहा होती सोनेरी. एका डबीत तेरा, आणि डबीची किंमत दोन चांगल्या ड्रिलांएवढी! सोनेरी रंग खरा असेल तर तो टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असतो, काही मायक्रॉन जाडीचा, आणि त्याचा उपयोगही असतो. पण मुलामा आतल्या पोलादाला सुधारत नाही. आत काय आहे ते एकदा सहाणेवर धार लावली की कळते. पितळेला सोन्याचे पाणी दिलेला दागिना आपण ओळखतो. ड्रिलच्या बाबतीत तेवढी सावधगिरी ठेवायला हरकत नाही. दोन होती भिंतीची, टोकाला कार्बाइडची चकती डकवलेली. ती विटेला-दगडाला ठोकून फोडण्यासाठी असतात, पोलाद कापण्याएवढी त्यांना धारच नसते. आणि तीन मात्र खरीखुरी, नावाजलेल्या कंपनीची एच.एस.एस. ड्रिले होती. ती का जळावीत?

याचे उत्तर पुस्तकात नव्हते, ते काकांकडे होते. त्यांनी एक जुनी कानस उचलली आणि बिघडलेल्या पात्यावर ओढली. कानस काचेवरून सरकावी तशी सरकली. "ह्याला पाणी दिलेलं हाय," काका म्हणाले. "कानस जिथं चावत नाय, तिथं तुझं डिरील काय चावणार?"

लोहाराच्या कामाचा जुना क्रम असा, की पाते घडवायचे, त्याला पाणी पाजायचे, मग शेवटी मूठ. शेपटीच्या मुठीला तो क्रम चालतो. मुलाने तोच पाळला, आणि कठीण झालेल्या पोलादाला भोके पाडायला बसला. सुरीचे पाते पाणी दिल्यावर ड्रिलच्या जवळपास कठीण होते, मग कोणी कोणाला कापावे? पण नुसता क्रम उलटा करूनही भागत नाही. ट्रकचा पाटा कारखान्यातूनच पाणी घेऊन आलेला असतो, आणि घडवल्यावर वाऱ्यावर निवलेले पोलादही पुरते मऊ होत नाही. त्याला आधी नरम करावे लागते. ते शास्त्र काकांना वडिलांकडून मिळालेले. पाते चेरीसारखे लाल करायचे (काका 'पिकल्या जांबासारखं' म्हणतात), लोहचुंबक त्याला चिकटेनासे झाले की आणखी थोडी ऊब द्यायची आणि भाताच्या तुसाच्या राखेत पुरून रात्रभर ठेवायचे. तुसाची राख ऊब फार सावकाश सोडते. सकाळी बाहेर काढले तेव्हा कानस त्यात लोण्यात सुरी शिरावी अशी नाही, पण कच्च्या सुरणात शिरावी तशी शिरली.

उरला वेग. मुलाचे हातातले यंत्र पुऱ्या दमात मिनिटाला २८०० फेरे घेते. सहा मिलिमीटरच्या ड्रिलची कड या वेगाने मिनिटाला जवळजवळ ५३ मीटर धावते. मऊ लोखंडाला २५-३० मीटर, आणि नरम केलेल्या पाट्याच्या पोलादाला १२ ते १५ मीटर पुरेत. हिशेब अवघड नाही. मीटरला हजाराने गुणावे आणि ड्रिलच्या मिलिमीटरमधल्या जाडीच्या ३.१४ पटीने भागावे. सहा मिलिमीटरला साडेसहाशे ते आठशे फेरे येतात. म्हणजे मुलगा चौपट धावत होता. हे सूत्र त्याच्या वहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेले होते, परीक्षेत त्यावर गुणही मिळाले होते. पण परीक्षेतले सूत्र आणि हातातले यंत्र यांची कोणी ओळख करून दिलेली नव्हती. आम्ही शिकवणारी मंडळी ही ओळख करून द्यायला नेहमीच विसरतो.

वेग कमी, पण दाब मात्र ठाम. पोलादाला नुसते कुरवाळत राहिले तर ड्रिलची धार जाते, आणि स्टेनलेससारखे पोलाद तर घासल्याने उलट कडक होऊन बसते. एकदा धार लागू झाली की थांबायचे नाही. कीस तुंबला तर ड्रिल बाहेर काढून झटकायचे आणि पुन्हा सुरू. तेल हवे. कारखान्यात त्यासाठी खास तेले असतात. इथे काकींच्या खोबरेलाची बाटली हळूच लोहारशाळेत आली. वनस्पतींची तेले या कामी वंगण म्हणून चांगली चालतात, असे पुस्तकेही सांगतात. काकींचे मत वेगळे होते. दुसऱ्या दिवसापासून बाटलीवर चुन्याची खूण दिसू लागली.

आणि एक गोष्ट, जी घरी छोटे ड्रिल यंत्र बाळगणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. भोक आरपार होण्याच्या क्षणी ड्रिल पात्यात अडकते आणि हातात धरलेले पाते पंख्यासारखे फिरते. मुलाच्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. पाते शेगड्यात घट्ट आवळल्याशिवाय बटण दाबू नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. हातमोजे घालू नयेत. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. चष्मा नसला तर उसना आणावा. पितळेला विशेष जपावे, ते ड्रिलला आत खेचून घेते.

महिना सरायला आठ दिवस असताना रत्नागिरीच्या बाजारातून मुलाने फक्त तीन ड्रिले आणली. या रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत जे. के. कंपनीच्या कानशी बनल्या, तेव्हा हत्याराचे पोलाद या गावाला नवखे नाही. दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखले. एक तीन मिलिमीटरचे वाट पाडण्यासाठी, एक ६.१ चे मुख्य भोकासाठी, दोन्ही आखूड आणि साध्या एच.एस.एस.ची. (लांब ड्रिल वाकते, पाते पाच मिलिमीटर जाड असताना वीतभर ड्रिल कशाला?) तिसरे कोबाल्टचे, अडीअडचणीला. ६.१ का, तर सहाच्या खिळ्याला सुताएवढी मोकळीक हवी. भोक अगदी घट्ट झाले तर फळी तडकते. कार्बाइडचे घ्यावे असे मुलाच्या मनात होते, पण हातातल्या यंत्रात ते हात जरा हलला की काडीसारखे तुटते. ते खांबाच्या यंत्रासाठी.

भोके पडली. पहिल्या पात्याला तीन, दुसऱ्याला तीन. दोन दोन फिती सारख्या वर आल्या आणि काका भाता सोडून पाहायला उठले. भोकांच्या कडा त्यांनी मोठ्या ड्रिलने हाताने फिरवून जरा मोडून घ्यायला लावल्या, कारण पाणी देताना तडा जातो तो धारदार कडेपासून. हेही पुस्तकात होते, पण काकांनी पुस्तक वाचलेले नव्हते. मग पाणी दिले, मग ते बेताने उतरवले, मग शिसवीच्या फळ्या आणि पितळेचे खिळे.

ज्यांच्या घरी आजीची जुनी सुरी मुठीवाचून पडली असेल त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. पाते पुन्हा भट्टीत घालू नका, धारेचे पाणी जाईल. धारेची बाजू ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्यात ठेवावी आणि फक्त मुठीकडची बाजू दिव्याच्या झोताने निळी-राखाडी होईपर्यंत तापवून निवू द्यावी. कानस चावू लागली की भोक पडेल. मात्र हे ज्याला येते त्याच्याकडूनच करून घ्यावे. सोनाराची म्हण इथेही लागू.

पहिली कोयती त्या माडावर चढणाऱ्या गड्याला काकांनी पैसे न घेता दिली. ती दोन पावसाळे पाहून झाली आहे. मी मे महिन्यात मुद्दाम पाहायला गेलो. फळ्या काळवंडल्या आहेत, खिळे जागचे हललेले नाहीत. चाकणच्या कारखान्याला मुलाने नकार कळवला नाही आणि होकारही नाही. आणखी सहा महिन्यांची मुदत मागितली, ती त्यांनी दिली नाही. काकांनी त्यावर काही भाष्य केले नाही. गणपतीनंतर ते एकटेच कोल्हापूरला गेले आणि जुने, खांबाचे, पट्टा बदलून वेग बदलणारे ड्रिल यंत्र टेम्पोत घालून घेऊन आले. किती पैसे मोजले ते घरात अजून कोणाला ठाऊक नाही. यंत्राच्या पट्ट्याजवळ मुलाने खडूने चार आकडे लिहून ठेवले आहेत: तीन मिलिमीटरला १४००, सहाला ७००, आठला ५००, दहाला ४००. काकांना वाचता येते, पण चष्मा नसतो, ते आकड्यांऐवजी आवाज ऐकतात, आणि यंत्र किंचाळले की भात्यापाशी बसल्या बसल्या ओरडतात, "तेल!"